दोन आडव्या रेघा

कळमन्याच्या बाजारामागे, बारदान्याच्या दुकानावरची माडी,
तीच आमची कंपनी. चार टेबलं, एक कुलर,
वाळ्याच्या ताट्या कालच बदललेल्या.
आम्ही वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लिहितो:
ट्रक भरलेला किती, ट्रक रिकामा किती,
मधला फरक म्हणजे मिरची.

मे महिना. रात्रीचे साडेनऊ,
भिंतीला हात लावला तर ती अजून दुपारच सांगते.
निखिलेश हेडाऊ, तीन आठवड्यांचा शिकाऊ,
खुर्चीसकट सरकत आला:
"मॅडम, एक फाईल जाऊनच नाही राहिली."

फाईलचं नाव -f.
टाइप करताना कुठेतरी बोट घसरलं असेल
आणि हुकूम व्हायचा तो जिन्नस होऊन बसला.
आता git rm -f म्हणावं
तर गिट विचारतं, काढतो, पण कोणाला?
त्याला ते नाव वाटतच नाही.

बस, म्हटलं.
एक रेघ असली की ते घरातलं नाव.
हाक मारायला सोपं, लगेच ओ देतं,
पण कोण कोणाचं ते घरच्यांनाच ठाऊक.
commit च्या घरातली -m निरोप सांगते,
branch च्या घरातली -m नावच बदलून टाकते,
लग्नात मुलीचं बदलतात तसं.
दोन रेघा म्हणजे शाळेच्या हजेरीतलं:
--message, --verbose, --all.
मला घरी बेबी म्हणतात. हजेरीत प्रमिला.
तो हसला.
त्याला घरी काय म्हणतात ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

--dry-run माझा लाडका.
गाडी काट्यावर न चढवता वजन सांगतो.
माझ्या लग्नाच्या वेळी नव्हता.
--force मालकांचा.
एका दिवाळीत त्यांनी तो वापरला आणि माझे नऊ दिवस गेले,
reflog च्या पोटातून ओढून काढले, सात सापडले.
--force-with-lease त्यातल्या त्यात बरा,
मध्ये दुसऱ्यानं काही ठेवलेलं दिसलं तर
हात आखडतो.

आणि या नुसत्या दोन रेघा. त्यांना चिकटून काहीच नाही.
म्हणजे हुकूम संपले.
यापुढे येईल ते फक्त नाव,
कसंही दिसो, नावच.

git rm -- -f

गेली.

"मॅडम, तुमचं जुनं काम बघू का?"
मी हो-नाही म्हणायच्या आत त्यानं टाकलं:
git log --author=प्रमिला
काही आलं नाही.
खाली नुसता कर्सर, उघडझाप करत.

या मशीनवर पहिल्या दिवशी जे नाव भरलं तेच राहिलं.
पावतीची छपाई, हमालीचा हिशेब, ओल्या मिरचीची घट,
अकरा वर्षं, साडेचार हजार नोंदी,
सगळ्या गुंडावार अँड सन्सच्या.
सन्सना अजून टायपिंग येत नाही.
मला माहीत होतं हे.
पण माहीत असणं वेगळं,
आणि कुणी विचारल्यावर ते रिकामं दिसणं वेगळं.

कुलरचा पंप कोरडा घरघरायला लागला,
निखिलेश बादली घेऊन खाली गेला.
मी --author लिहिलं. बरोबरचं चिन्ह. अवतरण.
प्रमिला देवराव नंदनवार.
निरोप: -f नावाची फाईल काढली.
गिटनं पावती दिली: एक फाईल बदलली,
शून्य ओळी जमा, शून्य वजा.
ट्रक आला रिकामा, गेला रिकामा.

वर आल्यावर त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला.
या वेळी नोंद आली.
"एकच?"
हो बे, म्हटलं, काटा आधी शून्यावर आणावा लागतो.
आणि ते कुलरचं झाकण लाव नीट,
डास होऊन राहिले.